बडोद्यात बिऱ्हाड कोठे करावे?

प्रश्न : माझ्या यजमानांची पुण्याहून बडोद्याला बदली झाली असून त्यांची कंपनी मकरपुरा जीआयडीसीमध्ये, म्हणजे तेथल्या औद्योगिक वसाहतीत आहे. मुलगी जूनमध्ये तिसरीत जाईल, मुलगा साडेचार वर्षांचा आहे आणि सासूबाई आमच्याबरोबर राहतात. वासणा-भायलीच्या बाजूला नवा फ्लॅट लगेच विकत घ्यावा, असे यजमानांचे सहकारी सुचवतात. सासूबाईंना मराठी शेजार हवा असल्यामुळे त्यांचा ओढा दांडिया बाजाराकडे आहे. आम्ही कोणत्या भागाचा विचार करावा? — एक वाचक, पुणे

उत्तर : पहिले वर्ष भाड्याच्या घरात काढावे, हे मी आग्रहाने सांगेन. बडोद्यात घर घेण्यापूर्वी तो भाग एका पावसाळ्यात पाहिलेला असावा, कारण विश्वामित्री नदी शहराच्या मधून वाहते आणि आजव्याच्या तलावातून सोडलेले पाणी व शहरातला पाऊस एकाच वेळी आले की ती झपाट्याने फुगते. 31 जुलै 2019 रोजी येथे एका दिवसात सुमारे 20 इंच पाऊस झाला होता; ऑगस्ट 2024 मध्ये 26 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून नदी 35 फुटांच्याही वर गेली, कित्येक सोसायट्यांचे तळमजले पाण्याखाली गेले आणि नदीतल्या मगरी वस्तीत शिरल्या. समा, मुंजमहुडा, कलाली, वडसर आणि अकोट्याचा नदीकाठचा भाग येथे घर पाहताना म्हणूनच विशेष चौकशी करावी. ही चौकशी दलालाकडे करून फारसे हाती लागत नाही. सोसायटीचा चौकीदार, कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार आणि तळमजल्यावर राहणारे कुटुंब यांना ‘2024 मध्ये पाणी कुठवर आले होते?’ एवढेच विचारावे. ते हात भिंतीवर ठेवून खूण दाखवतात. पार्किंगमधल्या वीजमीटरच्या पेट्या मूळ जागेवरून उचलून वर बसवलेल्या दिसल्या, तर उत्तर न विचारताच मिळाले असे समजावे. सासूबाईंना जिने चढवत नाहीत म्हणून तळमजला पाहत असाल, तर लिफ्ट असलेल्या इमारतीतला पहिला किंवा दुसरा मजला अधिक सुरक्षित ठरेल.

आपल्या कुटुंबासाठी मी मांजलपूरला पहिली पसंती देईन. तेथून मकरपुरा जवळ आहे, शाळा, दवाखाने व भाजीबाजार हाताशी आहेत, आणि दरबार चौकडी व तुळशीधाम चार रस्त्याच्या आसपास मराठी कुटुंबेही पुष्कळ आढळतात. मात्र याच भागाच्या वडसरकडे सरकलेल्या सोसायट्यांबाबत वर लिहिलेली चौकशी सोडू नये. वासणा-भायलीचे रस्ते रुंद आहेत आणि नव्या इमारती देखण्या आहेत, हे खरेच. परंतु तेथून मकरपुऱ्याला जाण्यासाठी नदी आणि रेल्वेमार्ग दोन्ही ओलांडावे लागतात आणि ती दगदग यजमानांना रोज दोनदा सोसावी लागेल. शिवाय भायली, सेवासी, बिल यांसारखी गावे 2020 मध्ये महापालिकेत आली असल्यामुळे, पाहत असलेल्या इमारतीला महापालिकेचे पाणी मिळते की बोअरवेलचे, आणि उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का, हे तेथे राहणाऱ्यांकडून समजून घ्यावे.

दांडिया बाजाराबद्दल सासूबाईंना वाटणारी ओढ मला पूर्णपणे समजते. गायकवाडी काळापासून मराठी वस्तीचा असलेला तो परिसर, गणेशोत्सव, जवळचा सुरसागर तलाव आणि खंडेराव मार्केट यांचे मोल केवळ सोयीच्या हिशेबात मोजता येणार नाही. पण जुन्या शहरात गाडी लावण्याची अडचण रोजची आहे आणि लहान मुलांना खेळायला मोकळी जागा क्वचितच मिळते. मांजलपुराहून सासूबाईंना रिक्षाने तेथे आठवड्यातून एकदोनदा जाता येईल. बिऱ्हाड मात्र मुलांना धरून ठरवावे.

मुलांच्या बाबतीत दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. गुजरातेत 2023 च्या कायद्यानुसार पहिली ते आठवीपर्यंत सर्व मंडळांच्या शाळांमध्ये गुजराती हा विषय शिकवणे बंधनकारक आहे. म्हणजे आपल्या मुलीला ज्या भाषेची तिच्या वर्गाची दोन वर्षांची तयारी झालेली आहे, ती तिसरीत नव्याने सुरू करावी लागेल. त्याची धास्ती घेऊ नये. गुजराती लिपी देवनागरीच्या जवळची आहे, आणि बोलायला मुले गल्लीत खेळताना शिकतात. त्यासाठी संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास सोसायटीत जाऊन उभे राहावे आणि आवारात आठ-नऊ वर्षांची मुले सायकली घेऊन बाहेर पडतात की नाही, हे स्वतः पाहावे. टेनामेंटच्या, म्हणजे स्वतंत्र बैठ्या घरांच्या, जुन्या सोसायट्यांमध्ये असे अंगण अजून टिकून आहे आणि माझ्या मते ते कोणत्याही क्लबहाउसपेक्षा मोलाचे आहे. दुसरी गोष्ट मुलाची : पहिलीच्या प्रवेशासाठी 1 जून रोजी सहा वर्षे पूर्ण असावी लागतात, तेव्हा त्याचा वर्ग ठरवताना जन्मतारीख शाळेला आधी कळवावी.

घर पसंत पडल्यावरही आजूबाजूला पार्टी प्लॉट, म्हणजे समारंभांसाठी भाड्याने मिळणारे मोकळे मैदान, आहे का ते पाहावे. नवरात्रात आणि लग्नसराईत रात्री उशिरापर्यंत ध्वनिवर्धक चालतात आणि सासूबाईंच्या झोपेचा प्रश्न होऊन बसतो. आपल्या घरी मासे-मटण होत असेल, तर ते घरमालकाला बोलणी सुरू होतानाच सांगावे. काही सोसायट्यांना ते चालत नाही, आणि डिपॉझिट भरून सामान उतरवल्यावर हा वाद निघणे कोणालाच सुखाचे नसते. भाडेकरार बहुधा 11 महिन्यांचा होतो. तो जूनपूर्वी केलात, तर पहिला पावसाळा त्याच घरात पाहून होईल आणि मग खरेदीचा विचार करायला मुलांचे शालेय वर्ष संपेपर्यंतचा वेळ हाती राहील.