आईच्या शिरेत राहिलेली तार आणि तुमची सही

प्रश्न: माझी आई (वय 61) गेल्या वर्षी जंतुसंसर्गामुळे नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूत होती. तिथे तिच्या मानेत सेंट्रल लाइन (औषधांसाठी मोठ्या शिरेत घालतात ती नळी) टाकली. सात महिन्यांनी दुसरीकडे काढलेल्या एक्स-रेत मानेपासून पोटापर्यंत लांब तार दिसली आणि ती कॅथ लॅबमध्ये (रक्तवाहिनीत नळी घालून उपचार करतात त्या कक्षात) काढावी लागली. पहिले रुग्णालय म्हणते, ‘ही ज्ञात गुंतागुंत आहे, संमतिपत्रावर तुमची सही आहे, शिवाय तार आमचीच कशावरून?’ तिथले बिल 3 लाख 40 हजार झाले होते. केस होईल का? पोलिसांत जावे का?

उत्तर: केस होईल, आणि संमतिपत्र तिच्या आड येणार नाही. त्यात छापलेले धोके नीट काम करूनही घडू शकतात: सुई शेजारच्या धमनीत जाणे, फुप्फुसाला टोचून छातीत हवा साठणे, ठोके अनियमित होणे, पुढे लाइनला जंतुसंसर्ग किंवा गुठळी होणे. यांपैकी काही घडले असते तर अल्ट्रासाऊंड हाताशी असून वापरला नाही, पुन्हा पुन्हा टोचले, अशा गोष्टी तज्ज्ञाकडून सिद्ध करताना तुमची दमछाक झाली असती. तार आत राहणे या यादीत बसत नाही.

का, ते पद्धतीवरून कळते. सुई शिरेत गेली की तिच्यातून साधारण 60 सेंटिमीटरची लवचिक तार सरकवतात, सुई काढतात, डायलेटरने वाट रुंद करतात आणि तारेवरून कॅथेटर, म्हणजे लाइनची नळी, आत नेतात. उजव्या मानेतून प्रौढांना कॅथेटर जेमतेम 15 सेंटिमीटर आत लागते. ते पुढे सरकवण्याआधी तारेचे मागचे टोक कॅथेटरच्या मागच्या तोंडातून बाहेर आलेले दिसलेच पाहिजे, आणि तार पूर्ण निघेपर्यंत ते हातातून सोडायचे नसते. मग कॅथेटरमधल्या प्रत्येक नळीतून रक्त ओढून सलाइनने धुतात, वापरलेले साहित्य मोजतात, छातीचा एक्स-रे काढतात. तार आत गेली तर बहुधा त्या नळीतून रक्त नीट येत नाही, ट्रेमध्ये तार सापडत नाही आणि एक्स-रेत धातूची रेघ दिसते. तार सुटायला एकाचे लक्ष उडणे पुरते. ती सात महिने राहायला बऱ्याच जणांनी डोळे झाकावे लागतात.

अशा प्रकरणात वस्तुस्थितीच निष्काळजीपणा बोलून दाखवते. प्रत्येक वैद्यकीय तक्रारीत तज्ज्ञाचे मत सक्तीचे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने व्ही. किशन राव निकालात (2010) सांगितले. सविता गर्ग निकालानुसार (2004) प्राथमिक पुरावा आला की काळजी घेतली होती हे रुग्णालयाने दाखवायचे. तरीही तार काढणाऱ्या डॉक्टरांचे शपथपत्र मिळाले तर जरूर घ्या.

‘आमचीच कशावरून’ याचे उत्तर त्यांच्याच संगणकात असेल. लाइन टाकल्यानंतरचा छातीचा एक्स-रे मागा, आणि फिल्मवर समाधान मानू नका. तारीख-वेळेसह मूळ डिजिटल फाइलची सीडी घ्या. त्यात तार दिसली तर बचाव तिथेच संपतो आणि अहवालात ती न नोंदवणे हा वेगळा दोष ठरतो. सोबत प्रोसिजर नोट, नर्सिंग चार्ट, संमतिपत्र आणि कॅथेटर किटची नोंद असलेले तपशीलवार बिल मागा. अर्ज लेखी द्या, आवक शिक्का घ्या. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारसंहिता नियमांप्रमाणे नोंदी 72 तासांत द्याव्या लागतात. त्या उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षे जपण्याचे बंधन आहे, तेव्हा उद्याच अर्ज टाका. काढलेली तार दुसऱ्या रुग्णालयाकडून सीलबंद, पत्रासह ताब्यात घ्या. ‘जैविक कचऱ्यात गेली’ हे उत्तर फार वेळा मिळते. गेलीच असेल, तर कॅथ लॅबमधले चित्रण मागा.

ग्राहक आयोगात तक्रार करण्याची मुदत 2 वर्षांची. ती तार सापडल्यापासून धरता येते, पण त्यावर विसंबू नका. श्रीखंडे निकालात (2010) पोटात गॉझ राहिल्याची तक्रार करणाऱ्या गोव्याच्या परिचारिकेला सर्वोच्च न्यायालयाने मुदतीवरच परत पाठवले, कारण वर्षानुवर्षे दुखत असूनही तिने शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारले नव्हते. लाइन टाकल्याच्या तारखेपासूनच 2 वर्षे मोजा आणि त्याआधी दाखल करा, म्हणजे वादच उरत नाही.

तक्रार नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात करा. तुम्ही दुसऱ्या जिल्ह्यात राहत असाल तर तिथेही चालेल. अधिकारक्षेत्र भरलेल्या बिलावर ठरते आणि जिल्हा आयोगाची मर्यादा 50 लाख आहे. 5 लाखांपर्यंतच्या बिलाला दाखल शुल्क नाही. तक्रारदार आई हवी, बिल तुम्ही भरले असेल तर तुम्हीही. रुग्णालय, लाइन टाकणारे डॉक्टर आणि एक्स-रे वाचणारे, तिघांना प्रतिवादी करा.

पोलिसांत मात्र जाऊ नका, असे माझे मत. जेकब मॅथ्यू निकालानंतर (2005) फौजदारी जबाबदारीसाठी घोर निष्काळजीपणा लागतो आणि पोलिसांनी आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे लागते. त्यात महिने जातात आणि भरपाई मिळत नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार समांतर करता येते. पैसे तिथेही नाहीत, पण डॉक्टरांविरुद्ध निष्कर्ष आला तर आयोगात उपयोगी पडतो.

नोटीस पाठवल्यावर रुग्णालय कॅथ लॅबचा खर्च देऊ करण्याची शक्यता आहे. तो घ्यायला हरकत नाही. पावतीवर ‘संपूर्ण व अंतिम तडजोड’ असे असेल तर सही करू नका. ‘पुढील हक्क राखून’ रक्कम मिळाली, असे स्वतःच्या हाताने लिहून द्या आणि त्याची प्रत ठेवा.