लग्नांचे फोटो काढतो; नवी मुंबईतल्या महापे-रबाळेच्या कारखान्यांकडून काम मिळवायला पोर्टफोलिओ कसा पाठवू?

तुम्ही लिहिलंय की ४० फोटोंची एकच पीडीएफ ३० कंपन्यांना पाठवली आणि कुणाचंच उत्तर आलं नाही. अडचण तिथेच आहे. स्टीलचे व्हॉल्व्ह बनवणाऱ्याला हळदीचे फोटो कितीही आवडले तरी त्याला एकच गोष्ट बघायची असते: हा माणूस माझा माल नीट दाखवेल का?

३० ऐवजी ५ कंपन्या निवडा. प्रत्येकीची वेबसाइट आणि जुना कॅटलॉग नीट बघा. प्रत्येक मालामागची पार्श्वभूमी वेगळी दिसली, तर 'सगळ्या मालाचे फोटो एकाच पार्श्वभूमीवर, एकाच मापात करून देतो' हे मेलचं पहिलं वाक्य. त्यांच्या फोटोंना नावं ठेवू नका, ते बहुधा मालकानेच काढलेले असतात.

मग त्याच कंपनीसाठी १०-१२ फोटो. तिच्या मालाशी सर्वांत जवळचा फोटो पहिल्या पानावर, लग्नाचा एकही नको. आडवी पानं, फाइल ५ एमबीच्या आत. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलीत तर डॉक्युमेंट म्हणूनच. सुटे फोटो टाकले की दबतात आणि बारकावे जातात. आठवडाभराने एक फोन करा.

असे फोटोच नसतील तर ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या ओळखीच्या वर्कशॉपमधून दोन-तीन पार्ट मागून आणा. पॉलिश केलेलं स्टील म्हणजे आरसा. थेट फ्लॅश मारला की पांढरा डाग पडतो आणि ट्रायपॉडसकट तुम्ही त्यात दिसता. लेन्सवर नुसता पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) लावून धातूची ही चमक जात नाही. पार्टच्या दोन्ही बाजूंना ट्रेसिंग पेपरच्या मोठ्या चौकटी उभ्या करा, लाइट त्यांच्या मागून द्या. कडा विरघळायला लागल्या तर फ्रेमच्या अगदी बाहेर काळ्या कार्डशीटच्या पट्ट्या धरा, कडेला काळी रेघ येते आणि आकार उठतो. फोटोखाली 'सरावासाठी' असं स्पष्ट लिहा.

कारखान्याच्या आतलेही दोन फोटो हवेत. तिथल्या दिव्यांखाली शटर १/५०० सेकंदावर ठेवलं की बऱ्याचदा पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून १/५० किंवा १/१०० वर काढा. ग्राइंडरवरचा कामगार गॉगलशिवाय असेल तर ठिणग्या कितीही सुरेख आल्या असोत, तो फोटो काढून टाका. सेफ्टी ऑफिसर असा फोटो छापू देणार नाही, आणि तुम्हाला कारखान्याची शिस्त माहीत नाही हेही त्यातून दिसतं.

कोटेशनमध्ये दिवसाचा दर, प्रति फोटो एडिटिंग, मदतनीस आणि लाइटचं भाडं वेगवेगळं दाखवा. एक ओळ मात्र विसरू नका. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो ग्राहक असतो. म्हणून पोर्टफोलिओत वापरायची परवानगी काम सुरू होण्याआधीच लेखी घ्या. नवीन माल बाजारात येईपर्यंत थांबा म्हणाले तर थांबा, पण तारीख त्यातच घालून घ्या.