काकांच्या पेटीत ब्रिटिश रेल्वेचे जुने फोटो सापडले आहेत. ते कुठले, केव्हाचे कसं ओळखायचं आणि जाणकारांना कसे दाखवायचे?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: काका १९६०च्या दशकात शिकायला इंग्लंडात होते, ते वारल्यावर त्यांच्या पेटीतून आगगाड्यांच्या स्लाइड्स आणि कृष्णधवल फोटो निघाले, बहुतेकांवर काही लिहिलेलं नाही आणि दोन-तीन तर मुंबईचे वाटतात. मी मूळचा कल्याणचा, बरीच वर्षं इंग्लंडातल्या रेडिंगला राहतो आणि असल्या फोटोंवर डोळे फोडत बसणं हा माझा जुना नाद आहे. त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगतो.

सगळ्यात आधी एक विनंती. पेटीतला क्रम मोडू नका. "चांगले" फोटो वेगळे काढायचा मोह होतो आणि तिथेच निम्मी माहिती जाते. डबीतल्या ज्या स्लाइडवर काही लिहिलेलं नाही, तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या स्लाइडवर "यॉर्क" असेल, तर मधलीही बहुधा त्याच दिवसाची. निगेटिव्हच्या पट्टीच्या कडेला छापलेले आकडे सांभाळा, फोटोची पाठ आणि स्लाइडची चौकटही स्कॅन करा. पस्तीस मिलिमीटरची फिल्म असेल तर तीन-चार हजार डीपीआयला एकदाच नीट स्कॅन करून घ्या. स्कॅनरमधली धूळ आपोआप काढायची सोय कोडाक्रोम या रंगीत फिल्मच्या स्लाइडवर आणि जुन्या कृष्णधवल फिल्मवर नीट चालत नाही, ती बंद ठेवा. निगेटिव्हला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती आधी हाती घ्या, कारण तिचा पाया कुजायला लागला आहे.

आणि कृपा करून ते फोटो एआयने "स्पष्ट" किंवा रंगीत करून दाखवू नका. हल्ली हा उच्छाद फार झाला आहे. धूसर ६चा तो ठसठशीत ८ करतो, आणि मग चार शहाणी माणसं संध्याकाळभर भलत्याच इंजिनाबद्दल वाद घालतात. धूसर आहे ते धूसर राहू द्या.

आता ओळखण्याकडे. सगळ्यांची नजर आधी इंजिनावर जाते, ते साहजिकच आहे. १ जानेवारी १९४८ला चार मोठ्या कंपन्यांचं (ग्रेट वेस्टर्न, सदर्न, एलएमएस आणि एलएनईआर) राष्ट्रीयीकरण होऊन ब्रिटिश रेल्वेज झाली आणि इंजिनांना नवे आकडे मिळाले. ग्रेट वेस्टर्नच्या इंजिनांचे चार आकडी नंबर तसेच राहिले, कारण त्यांच्या केबिनवर ओतीव पितळी पाट्या होत्या. सदर्नच्या जुन्या नंबरात साधारण ३०,००० मिळवले, एलएमएसच्या ४०,००० आणि एलएनईआरच्या ६०,०००. ७०,०००च्या पुढची बहुतेक ब्रिटिश रेल्वेजची स्वतःची नवी इंजिनं. त्यांतलं शेवटचं ९२२२०, 'ईव्हनिंग स्टार', मार्च १९६०मध्ये स्विंडनच्या कारखान्यातून बाहेर पडलं. इंजिनाच्या पुढच्या गोल तोंडावर नंबराची पट्टी असते आणि तिच्या खाली एक छोटी लंबगोल पाटी. ती पाटी भिंगाखाली घाला. इंजिन कुठल्या शेडचं (म्हणजे इंजिनं ठेवण्याच्या आगाराचं) ते तिच्यावर कळतं: ८१ए म्हणजे लंडनचं ओल्ड ओक कॉमन, ८२सी स्विंडन, ७०ए नाइन एल्म्स, ३४ए किंग्ज क्रॉस. पण हे संकेतही बदलत असत. १२ए म्हणजे १९५८पर्यंत कार्लाइलचं अपरबी शेड आणि त्यानंतर त्याच गावातलं किंगमूर.

पण नुसत्या नंबरावर विसंबू नका. फेब्रुवारी १९५२मध्ये राजा सहावा जॉर्ज वारला तेव्हा अंत्ययात्रेच्या गाडीला ४०८२ 'विंडसर कॅसल' हे इंजिन जोडायचं होतं, पण ते कारखान्यात दुरुस्तीला होतं. मग ७०१३ 'ब्रिस्टल कॅसल'वर विंडसरचं नाव आणि नंबर चढवले, विंडसरला ब्रिस्टल केलं, आणि ती अदलाबदल पुन्हा कधीच उलटवली नाही. म्हणजे १९५२नंतरच्या फोटोत 'विंडसर कॅसल' दिसलं तर ते इंजिन मुळात दुसरंच. असल्या गोष्टींवर इथली म्हातारी मंडळी तासन्‌तास रंगतात.

तारखेसाठी मी इंजिनापेक्षा बाकीच्या वस्तूंकडे आधी बघतो. डब्याच्या दारावर ३चा आकडा असेल तर फोटो बहुधा ३ जून १९५६च्या आधीचा, कारण त्या दिवशी तिसरा वर्ग रद्द होऊन त्याचाच दुसरा झाला. डबे लाल-पिवळट अशा दोन रंगांत असतील तर ती पन्नाशीच्या दशकाची रंगसंगती, १९५६पासून गर्द तांबडा रंग परत आला आणि १९६५पासून निळा-राखाडी. टेंडरवरचा (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्यावरचा) सिंह चाकावर उभा असेल तर ते १९४९पासूनचं चिन्ह, मुकुटातून वर येऊन चाक हातात धरलेला सिंह १९५६पासूनचा. मात्र रंगकाम मोठ्या दुरुस्तीच्या वेळीच होई, त्यामुळे जुनी चिन्हं नंतरही बरीच वर्षं फिरत राहिली. अशी खूण "यानंतरचा" एवढंच सांगते, "याआधीचा" सांगत नाही. हा फरक सांभाळला की निम्मे वाद मिटतात.

इंजिनाच्या अंगावर विजेच्या तारांपासून सावध करणारी छोटी पांढरी-लाल पट्टी दिसली तर काळ १९६०च्या आसपासचा किंवा नंतरचा. केबिनच्या बाजूला तिरपा पिवळा पट्टा असेल तर आणखी नेमकं सांगता येतं: सप्टेंबर १९६४पासून क्रू (Crewe) या गावाच्या दक्षिणेला तारांखाली जायला बंदी असलेल्या इंजिनांवर तो ओढला जाई. डिझेल इंजिनाच्या नंबराआधी 'डी' असेल तर बहुधा १९६८च्या आधीचं. नाकावर चार अक्षरांचा संकेत असेल, म्हणजे आकडा, अक्षर आणि पुन्हा दोन आकडे, तर पहिला आकडा गाडीचा वर्ग सांगतो, १ म्हणजे जलद प्रवासी गाडी. जानेवारी १९७६नंतर ही पद्धत बंद झाली आणि त्या खिडकीत नुसती चार शून्यं दिसायला लागली.

माझी सगळ्यात आवडती खूण रेल्वेची नाहीच. स्टेशनच्या आवारात उभी असलेली मोटार बघा. इंग्लंडात १९६३पासून काही ठिकाणी आणि १९६५पासून सगळीकडे गाडीच्या नंबराच्या शेवटी वर्षाचं अक्षर आलं: 'सी' म्हणजे १९६५, 'डी' म्हणजे १९६६, 'एफ' म्हणजे ऑगस्ट १९६७ ते जुलै १९६८. वाफेचं इंजिन आणि 'एफ' अक्षराची मोटार एकाच चौकटीत असेल तर तुमच्या हाती अगदी शेवटचं वर्ष लागलंय. ब्रिटिश रेल्वेजवरची नेहमीची वाफेची वाहतूक ऑगस्ट १९६८च्या पहिल्या आठवड्यात संपली आणि ११ ऑगस्टला लिव्हरपूल, मँचेस्टर, कार्लाइल अशी निरोपाची खास गाडी धावली. तिचं तिकीट १५ गिनी (एक गिनी म्हणजे एक पौंड एक शिलिंग) होतं, तेव्हाच्या मानाने डोळे पांढरे करणारं.

ठिकाण शोधायचं तर फलाटावरच्या पाट्यांचा रंग बघा (स्लाइड रंगीत असेल तर). दोन्ही टोकांना गोलाई असलेली ती लांबट इनॅमलची पाटी पश्चिम विभागात तपकिरी, दक्षिणेत हिरवी, लंडन मिडलंडमध्ये गर्द तांबडी, पूर्वेत गडद निळी, ईशान्येत नारिंगी आणि स्कॉटलंडमध्ये फिकट निळी असे. नाव वाचता आलं नाही तरी रंगावरून विभाग कळतो. फोटो कृष्णधवल असेल तर सिग्नलचे हात बघा: गाडीला मोकळीक देताना हात खाली झुकत असेल तर ग्रेट वेस्टर्नचा मुलूख, वर उचलला जात असेल तर बहुतेक वेळा इतर कुठला तरी. रुळांशेजारी वीज पुरवणारा तिसरा रूळ म्हणजे बहुधा दक्षिण विभाग. इंजिनाच्या तोंडावर दिव्यांऐवजी पांढऱ्या गोल चकत्या असतील तर तेही बहुतेक दक्षिणच, तिथे त्या चकत्यांच्या जागेवरून गाडीचा मार्ग ओळखत. इतरत्र दिव्यांच्या जागेवरून गाडीचा प्रकार कळे: बफरच्या तुळईवर दोन्ही टोकांना एकेक दिवा म्हणजे जलद प्रवासी गाडी, धुराड्यासमोर एकच दिवा म्हणजे प्रत्येक स्टेशनला थांबणारी.

सावल्याही बोलतात. तिकडे भर दुपारी सूर्य कायम दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे सावलीवरून रुळांची दिशा काढता येते. मग स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने फुकट खुले केलेले जुने सर्वेक्षण नकाशे उघडायचे आणि तशी वळणं, तसा पूल, तशी चर्चची मिनार शोधत बसायचं. त्या आधी स्लाइड उलटी तर नाही ना ते पाहा. दुहेरी मार्गावर गाडी उजव्या रुळावरून येताना दिसली तर शंका घ्यायची, कारण तिथेही आपल्यासारख्या गाड्या डाव्या बाजूने जातात.

काकांच्या रंगीत फोटोंत इंग्लंड सदा उन्हात न्हालेलं दिसेल, त्यावर जाऊ नका. कोडाक्रोम फार मंद फिल्म होती, १९६१ची सुधारित आवृत्तीसुद्धा २५ एएसएची (एएसए म्हणजे फिल्मच्या वेगाचं माप). ढगाळ दिवशी धावती गाडी तिच्यावर पकडणं कठीण, म्हणून ऊन पडलं की रंगीत आणि एरवी कृष्णधवल, असाच बहुतेकांचा रिवाज होता. त्या काळच्या नामवंत छायाचित्रकारांत एरिक ट्रेसी हे चक्क वेकफील्डचे बिशप होते. १९७८च्या मे महिन्यात ॲपलबी स्टेशनवर, वाफेच्या इंजिनाच्या खास गाडीची वाट बघत असतानाच त्यांना मृत्यू आला.

आता कुठले फोटो दाखवावेत. इथे माझं मत जरा ठाम आहे. 'फ्लाइंग स्कॉट्समन' या प्रसिद्ध इंजिनाचा फोटो सापडला तर आनंद माना, पण असे हजारो आहेत. तुम्ही ज्यांना टाकाऊ समजाल ते फोटो आधी पुढे करा: मालधक्का, कोळशाच्या वाघिणी, दिव्यांची खोली, चहाचा गाडा, सूचनांची पाटी, फलाटावर नुसतेच उभे असलेले हमाल. ब्रिटिश रेल्वेजचे तेव्हाचे प्रमुख बीचिंग यांच्या १९६३च्या अहवालात दोन हजारांवर स्टेशनं बंद करायची शिफारस होती, आणि जी बंद झाली त्यांतल्या कित्येकांचे आतले, रोजचे फोटो कुणी काढलेच नाहीत. आमच्या रेडिंगमध्येच मुख्य स्टेशनाला लागून दक्षिण विभागाचं वेगळं स्टेशन होतं, ते सप्टेंबर १९६५मध्ये बंद झालं. त्याच्या आतला एखादा नवा फोटो निघाला तर आमच्यातले लोक जेवण सोडून येतील. रेल्वेची मॉडेलं करणारे तर वाघिणीवरची अक्षरं कुठल्या रंगात होती यासाठी जीव टाकतात. म्हणून कडा कापू नका. इंजिन मधोमध यावं म्हणून तुम्ही जे छाटाल, तेच त्यांना हवं असतं.

दाखवताना "हा फोटो ओळखा" एवढंच लिहू नका. काका कुठल्या गावी राहत, कुठे शिकत, सुट्टीत कुठे जात, हे लिहा. लीड्सच्या विद्यार्थ्याच्या डबीत पेनिन डोंगर ओलांडणाऱ्या गाड्या असणारच. पाठीवर काय लिहिलंय ते जसंच्या तसं द्या आणि तुमचा अंदाज वेगळा द्या. दोन्ही एकत्र केले की तो अंदाजच पुढे पुरावा म्हणून फिरायला लागतो. कोणी दुरुस्ती केली तर "कशावरून?" असं नक्की विचारा, त्यात अपमान मानत नाहीत. उलट त्याचीच वाट बघत असतात.

हक्कांचं म्हणाल तर काकांनी स्वतः काढलेल्या फोटोंचा हक्क ब्रिटिश कायद्याप्रमाणे त्यांच्या मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो आणि तो वारसांकडे येतो. ते वारस तुम्ही एकटे नसाल तर चुलत भावंडांना आधी विचारा. मात्र पेटीत विकतचे फोटोही असू शकतात. तेव्हा पोस्टकार्डाच्या आकाराचे इंजिनांचे फोटो सर्रास विकत मिळत. पाठीवर शिक्का, छापील नाव किंवा मागणी क्रमांक असेल तर तो फोटो घरात असला तरी हक्क तुमचा नाही. असे वेगळे ठेवा.

शेवटी ते मुंबईचे वाटणारे फोटो. इंजिनं दोन्हीकडे ब्रिटिश कारखान्यांची असल्याने फसगत होते. १८५३मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी ओढणारी इंजिनंही लँकेशायरच्या व्हल्कन फाउंड्रीचीच होती. तर आधी इंजिनाच्या पुढे गुरं बाजूला सारणारी जाळी आणि मधोमध मोठा दिवा आहे का पाहा. असेल तर ते ब्रिटनमध्ये धावणारं इंजिन नाही. मग रुळांकडे बघा: आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर, तिकडचा १,४३५, आणि समोरून काढलेल्या फोटोत इंजिनाच्या रुंदीशी ताडून पाहिलं तर हा फरक नजरेत भरतो. एक तिसरी शक्यताही आहे. इंजिन सबंध राखाडी, मागची पार्श्वभूमी पुसून पांढरी केलेली आणि कडेने काढलेला फोटो असेल, तर तो कारखान्याने विक्रीआधी काढून घेतलेला अधिकृत फोटो आहे. अशा फोटोसाठी इंजिन मुद्दाम राखाडी रंगवत, म्हणजे बारकावे नीट उठत. असा फोटो काकांनी काढलेला नसणार, पण त्यावर जीआयपीची (मुंबईच्या जुन्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची) अक्षरं दिसली तर मला जरूर कळवा.