लहान लॅबमध्ये कल्चर सुरू करायचं, तर पहिला खर्च कशावर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : चोपड्यात पॅथॉलॉजी लॅब आहे, युरिन आणि पसचं कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखणं) सुरू करायचंय, पुढे ब्लड कल्चरही. बायोसेफ्टी कॅबिनेट (नमुन्यातले जंतू हवेत पसरू न देणारी काम करायची पेटी) आधी घ्यावं का, आणि क्वालिटी कंट्रोल किती करावा?

ब्लड कल्चर सुरू करण्याआधी कॅबिनेट हवंच. पण पहिला पैसा कल्चरच्या खोलीच्या एसीवर आणि बॅकअपवर घाला. कारण साधं आहे. नेहमीचा इन्क्युबेटर (जंतू उबवायची पेटी) फक्त तापवतो, थंड करत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बाहेर पारा ४४-४५ ला टेकतो, बंद खोलीत दुपारी ४० सहज होतात. अशा खोलीत ३५ वर लावलेला इन्क्युबेटर हीटर बंद ठेवूनही ४० दाखवणार. स्टॅफिलोकोकसची मेथिसिलिनला असलेली रेझिस्टन्स ३५ अंशांच्या वर नीट उमटत नाही. म्हणजे एमआरएसए (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफ) असलेल्या पेशंटचा रिपोर्ट ‘सेन्सिटिव्ह’ जाऊ शकतो, आणि प्लेटकडे बघून कोणाला शंकाही येणार नाही. एकतर खोली २५ च्या आसपास ठेवा, नाहीतर कूलिंग असलेला बीओडी इन्क्युबेटर घ्या. इन्क्युबेटरच्या दारावरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. आत ग्लिसरीनच्या छोट्या बाटलीत बुडवलेला कॅलिब्रेट केलेला थर्मामीटर ठेवा, सकाळी आणि भर दुपारी असं दोनदा नोंदवा. फ्रिजला मिनिमम-मॅक्सिमम थर्मामीटर लावा, म्हणजे रात्री लाइट गेली होती की नाही हे सकाळी कळतं.

एसीच्या ऐवजी कूलर चालेल का, हे बरेच जण विचारतात. नाही चालणार. कूलरच्या ओल्या पॅडमधून हवेसोबत बुरशीचे बीजाणू येतात, मग ब्लड अगारवर (जंतू वाढवायच्या रक्तमिश्रित जेलीवर) अ‍ॅस्परजिलस ही बुरशी दिसायला लागते आणि ती पेशंटची की कूलरची हे ठरवता येत नाही. सीलिंग फॅनसुद्धा प्लेट उघडताना बंद हवा.

आता सेन्सिटिव्हिटी, म्हणजे जंतूवर कोणतं औषध चालतं ते प्लेटवर औषधाच्या डिस्क ठेवून बघणं. इथे मी जरा जास्त थांबतो, कारण डॉक्टर तुमच्या या एका कागदावर औषध ठरवतात. म्युलर हिंटन अगारची जाडी ४ मिलिमीटर हवी, ९० मिमीच्या प्लेटमध्ये साधारण २५ मिली ओतलं की ती येते. टेबल सपाट नसेल तर प्लेटच्या एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ थर बसतो. जाड बाजूला झोन (डिस्कभोवतीचं जंतू न उगवलेलं वर्तुळ) लहान पडतात, म्हणजे खोटं रेझिस्टंट. पातळ बाजूला मोठे पडतात, म्हणजे खोटं सेन्सिटिव्ह, आणि हे जास्त घातक. पीएच ७.२ ते ७.४. पाणी डिस्टिल्डच वापरा. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम मीडियात गेलं की स्युडोमोनासवर जेंटामायसिन, अमिकासिनचे झोन आक्रसतात. शिवाय त्याच पाण्याने ऑटोक्लेव्हच्या कॉइलवर क्षार चढतात.

सस्पेन्शन (जंतूंचं गढूळ द्रावण) ०.५ मॅकफार्लंड, हे गढूळपणाचं माप. स्टँडर्ड घरी करायचं असेल तर १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड (दोन पाण्याच्या रेणूंचं) ०.५ मिली आणि १ टक्का सल्फ्युरिक आम्ल ९९.५ मिली. ६२५ नॅनोमीटरला १ सेंमीच्या क्युव्हेटमध्ये रीडिंग ०.०८ ते ०.१३ च्या मध्ये यायला हवं. वापरण्याआधी ट्यूब जोरात हलवा, खाली बसलेल्या बेरियमकडे बघून घनता जुळवणं म्हणजे डोळे मिटून जुळवणं. सस्पेन्शन झाल्यावर १५ मिनिटांत स्वॅब फिरवा, त्यानंतर १५ मिनिटांत डिस्क ठेवा, ठेवल्यावर १५ मिनिटांत इन्क्युबेटरमध्ये. डिस्कचा डबा फ्रिजमधून काढून लगेच उघडू नका. बाहेरच्या दमट-गरम हवेची वाफ डिस्कवर जमते आणि बीटा-लॅक्टम औषधं त्या ओलीने खराब होतात. डबा तासभर बाहेर ठेवा, मगच झाकण काढा.

क्वालिटी कंट्रोल म्हणजे निकाल आधीच माहीत असलेल्या जंतूंवर चाचणी करून बघणं. त्यासाठी किमान तीन जंतू ठेवा : ई. कोलाय एटीसीसी (प्रमाणित जंतूंच्या संग्रहाचा क्रमांक) २५९२२, स्टॅफ ऑरियस २५९२३, स्युडोमोनास २७८५३. उदाहरणार्थ ई. कोलायवर जेंटामायसिन १० मायक्रोग्रॅमचा झोन १९ ते २६ मिमी, स्टॅफवर सेफॉक्सिटिन ३० मायक्रोग्रॅमचा २३ ते २९ मिमी. सुरुवातीला रोज करा. २० किंवा ३० दिवसांत एखाद्या औषधाचे निकाल ठरावीक मर्यादेच्या आत राहिले (३० मध्ये जास्तीत जास्त ३ बाहेर) की आठवड्याला एकदा पुरे. नवी मीडिया बॅच किंवा डिस्कचा नवा लॉट उघडला की तेव्हाही. बाहेर गेलं तर त्या औषधाचा रिपोर्ट त्या दिवशी थांबवा, आधी कारण शोधा. डॉक्टर फोनवर घाई करतील, तरी थांबवा. याच बाबतीत लॅबचालकांची पकड ढिली पडते, आणि नुकसान पेशंटचं होतं. कंट्रोलचे जंतू एकावरून दुसऱ्यावर वर्षानुवर्षं पेरत राहू नका, त्यांचे गुण बदलत जातात. ग्लिसरॉलमध्ये गोठवलेल्या साठ्यातून दर महिन्याला नवीन काढा.

कॅबिनेटबद्दल. सगळ्यात मोठा गोंधळ ‘लॅमिनार’ या नावाने होतो. स्वस्तात मिळतं ते होरिझाँटल लॅमिनार फ्लो स्वच्छ हवा प्लेटवरून थेट तुमच्या तोंडावर फेकतं. मीडिया ओतायला ठीक आहे, पण पेशंटचा नमुना त्यात उघडायचा नाही. तुम्हाला हवं ते क्लास टू, ए-टू प्रकारचं. त्याच्या तोंडाशी हवा आत साधारण ०.५ मीटर प्रति सेकंद वेगाने जाते. दारासमोर, एसीच्या झोतात किंवा येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवलं तर तो हवेचा पडदा मोडतो. आत गॅस बर्नर लावू नका, ज्योतीने आतला प्रवाह विस्कटतो. डिस्पोजेबल लूप वापरा. बसवल्यावर, हलवल्यावर आणि वर्षाला एकदा सर्टिफिकेशन. यूव्ही दिवा लावला म्हणून आतून पुसणं टळत नाही. साधं युरिन पेरणं उघड्या टेबलावर चालतं. व्होर्टेक्स करणं (यंत्रावर ट्यूब जोरात घुसळणं), ब्लड कल्चरची बाटली उघडणं, थुंकीचा नमुना हाताळणं मात्र कॅबिनेटमध्येच. टीबीचं कल्चर लहान लॅबने करू नये. संशयित पेशंटला सरकारी यंत्रणेतल्या सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (टीबीच्या जनुकीय चाचण्या) करायला पाठवा, आणि निदान झालं तर निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोंद सक्तीची आहे हे विसरू नका.

एक गोष्ट खानदेशातल्या प्रत्येक टेक्निशियनच्या मनात पक्की हवी. गुराढोरांत राबणारा, कच्चं दूध पिणारा माणूस, बरेच दिवस मागेपुढे होणारा ताप, आणि ब्लड कल्चरमध्ये उशिराने उगवलेले अगदी बारीक, फिके ग्रॅम निगेटिव्ह कोकोबॅसिलाय (आखूड, गोलसर जंतू), ऑक्सिडेज आणि युरिएज पॉझिटिव्ह : हे ब्रुसेला (जनावरांकडून माणसात येणारा जंतू) धरूनच चाला. प्लेट नाकाजवळ नेऊन वास घेण्याची सवय इथे माणसाला आजारी पाडते. लॅबमध्ये लागण होणाऱ्या जंतूंत ब्रुसेला आघाडीवर आहे. टेबलावरचं काम तिथेच थांबवा, प्लेट टेपने बंद करा, ऑटोमेटेड मशीनवर टाकू नका (ते दुसऱ्याच जंतूचं नाव देऊ शकतं) आणि मोठ्या लॅबला फोन करून पुढचं ठरवा.

वापरलेल्या प्लेट कचरा उचलणाऱ्या गाडीला तशाच देणं बेकायदा आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे मायक्रोबायोलॉजीचा कचरा आधी तुमच्याकडेच निर्जंतुक व्हायला हवा, मग पिवळ्या पिशवीत. साध्या ग्रॅव्हिटी ऑटोक्लेव्हला १२१ अंश, १५ पौंड दाब, किमान ६० मिनिटं. मीडियाला लावता त्या १५ मिनिटांत कचरा उरकू नका. नेहमी चुकतं ते हवा काढण्यात. काटा १५ पौंडांवर असला, तरी आत अर्धी हवा अडकली असेल तर तापमान ११२ च्या आसपासच राहतं. म्हणून वाफ जोरात, सलग येऊ लागली की काही मिनिटं तशी जाऊ द्या, मगच वॉल्व्ह बंद. पिशवी दोन तृतीयांशच भरा, तोंड सैल ठेवा, आत थोडं पाणी घाला. ऑटोक्लेव्हची इंडिकेटर टेप काळी पडणं म्हणजे फक्त ती तापली. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसची बीजाणूपट्टी आठवड्याला एकदा पिशवीच्या मधोमध ठेवा, सोबत एक न तापवलेली पट्टी उगवून दाखवणारी हवी. हायपोक्लोराइट टाकलेला डबा ऑटोक्लेव्हमध्ये कधीही नको, क्लोरीन वायू सुटतो.

हायपो १ टक्क्याचं रोज ताजं करा. ५ टक्क्यांची बाटली असेल तर एक भाग हायपो, चार भाग पाणी. मात्र आपल्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या स्टोअरमध्ये ठेवलेल्या कॅनमधलं क्लोरीन लेबलवर लिहिल्याइतकं राहत नाही. थोडंच आणा, सावलीत ठेवा, क्लोरीनची पट्टी बुडवून बघा. कल्चर सांडलं तर बाहेर या, अर्ध्या तासाने ग्लोव्हज-मास्क घालून वर टिश्यू टाका, कडेकडून मधे हायपो ओता, आणखी अर्धा तास ठेवून उचला. लॅबमधल्या प्रत्येकाचे हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झालेले हवेत (०, १, ६ महिने) आणि नंतर अँटिबॉडी १० एमआययू/मिलीच्या वर आहे का तेही तपासलेलं.

शेवटी यावल-रावेरच्या कलेक्शन सेंटरवरून एसटीने किंवा डिक्कीत टाकून येणाऱ्या नमुन्यांबद्दल. ई. कोलाय पोषक उष्णतेत साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. कागदी हिशेबाने १,००० जंतूंचे दोन तास वीस मिनिटांत १,२८,००० होतात, आणि इन्फेक्शन नसलेल्या बाईला अँटिबायोटिक सुरू होतं. युरिन दोन तासांत पेरता येत नसेल तर ४ अंशांवर, जास्तीत जास्त २४ तास. पाठीच्या मणक्यातलं पाणी आणि ब्लड कल्चरची बाटली मात्र बर्फावर नको. वेळ न लिहिलेलं युरिन कल्चरला घेऊच नका, पुन्हा मागवा. सहा महिने युरिन-पस नीट चालवा, आयएएमएमच्या (भारतीय वैद्यकीय मायक्रोबायोलॉजिस्टांची संघटना) बाह्य गुणवत्ता योजनेत नाव घाला, तिथले निकाल जुळायला लागले की मग ब्लड कल्चरच्या बाटल्या मागवा.