साडेनऊ लाखांची एमजीबी आणि दाराखालचा गंज

प्रश्न: 1967 ची एमजीबी रोडस्टर (उघडी, दोन आसनी ब्रिटिश मोटार) 6 लाखांना मिळते आहे. गाडी बरीच वर्षं मुंबईत समुद्राजवळ उभी होती. अंबडच्या गॅरेजने दुरुस्तीचा अंदाज साडेतीन लाख दिलाय. माझ्या 5-5 लाखांच्या तीन एफडी आहेत, घरखर्च महिना 70 हजार. दोन मोडू का? (वाचक, इंदिरानगर, नाशिक)

उत्तर: तिसऱ्या एफडीला हात लावत नाही आहात, हे फार चांगलं. तो सात महिन्यांचा घरखर्च आहे. उरलेल्या दहा लाखांत साडेनऊ बसतात खरे, पण हातात उरतात पन्नास हजार, आणि या गाडीचा मोठा खर्च अजून उघडाच पडलेला नाही.

तुम्ही पाठवलेल्या अंदाजपत्रकात एक ओळ आहे: ‘दोन्ही सिल, बाहेरचा पत्रा बदलणे.’ माझी हरकत याच ओळीला आहे. एमजीबीला वेगळी चासी नसते आणि रोडस्टरला छतही नाही, त्यामुळे बॉडीची ताकद दाराखालच्या पेट्यांवर, म्हणजे सिलवर असते. त्या पेटीत बाहेरचा पत्रा, मधला उभा पत्रा, आतला पत्रा आणि तळाशी कॅसल रेल नावाची आधाराची पट्टी असे थर असतात. ओल आणि चिखल आत साचतो नि गंज आतून बाहेर येतो. रंगाला फोड दिसेपर्यंत मधल्या पत्र्याची अनेकदा चाळण झालेली असते. त्यावर नुसता बाहेरचा पत्रा मारला तर पैसे रंगावर गेले, गाडी कमजोरच राहिली.

म्हणून विसार देण्याआधी गाडी लिफ्टवर घ्या. मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक सिलवरून फिरवा. जिथे धरत नाही तिथे खाली पुट्टी आहे. विकणाऱ्याला विचारून स्क्रू-ड्रायव्हरने तळाचा जोड आणि जॅक पॉइंट दाबून बघा. निचऱ्याच्या भोकातून बोरस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, आत घाला. मग जॅकवर उचलून दार उघडा-लावा. दार घासलं तर सिलनं भार सोडलाय.

गॅरेजकडून दुसरा अंदाज लेखी घ्या, सगळे थर धरून. कापण्याआधी दाराच्या चौकटीत पाइपचा आधार वेल्ड करायचा, एका वेळी एकच बाजू उघडायची. नाहीतर बॉडी झुकते आणि दार पुन्हा बसत नाही. रंगानंतर पेटीत कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेण) मारायचं, निचऱ्याची भोकं मोकळी ठेवायची. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही इंग्लंडमधली कंपनी आजही हे पत्रे बनवते, पण वाहतूक आणि सीमाशुल्क वेगळं धरा. पैसे टप्प्याने द्या, आणि पत्रा उघडल्यावरचे फोटो पाहूनच दुसरा टप्पा. विम्यावर भिस्त नको, गंजाचं नुकसान त्यात मिळत नाही.

आता हिशेब. दुरुस्ती साडेतीन, लपलेल्या गंजासाठी त्याच्या निम्मे, पावणेदोन. दहातून हे वजा केलं की गाडीसाठी उरतात 4 लाख 75 हजार. तपासणीत फक्त बाहेरचा पत्रा सडलेला निघाला तर पाचापर्यंत जा. मधला पत्रा गेलेला असेल तर पावणेपाचही जास्त आहेत. नव्या अंदाजात जेवढं वाढेल तेवढं किमतीतून उतरवून मागा. विकणारा सहावरच अडला तर ही गाडी सोडा, आणि सौदा लेखी होईपर्यंत एफडी मोडू नका, मुदतीआधी मोडली की व्याज कापलं जातं.