एसजीपीटी नॉर्मल, मग विषाणू कोट्यवधी कसे?

प्रश्न : रक्तदान केल्यावर रक्तपेढीतून फोन आला, हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह. माझं वय 24. विषाणूचा डीएनए कोट्यवधींत, पण एसजीपीटी 22 आणि फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) चांगला. डॉक्टर म्हणतात, तूर्त औषध नको, सहा महिन्यांनी या. नंतर आईचीही तपासणी पॉझिटिव्ह आली. माझी प्रतिकारशक्ती मेलीय का? मावशीनं गुळवेलाचा काढा सुरू करून दिलाय. – एक वाचक, सांगली

उत्तर : काढा आधी बंद करा, मग पुढचं वाचा.

हा विषाणू यकृताच्या पेशी सहसा स्वतः मारत नाही. विषाणू शिरलेल्या पेशी हेरून मारतात त्या आपल्याच टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, आणि त्या मारामारीत यकृताच्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं एसजीपीटी हे एन्झाइम रक्तात उतरतं. तुमचं 22 आहे, म्हणजे हाणामारी जवळपास नाही.

तुम्हाला ही लागण बहुधा जन्माच्या वेळी आईकडून झाली. अशा बाळांपैकी सुमारे 90 टक्के बाळांत विषाणू मुक्काम ठोकतो. मोठेपणी लागण झालेल्यांत 5 टक्क्यांहूनही कमी. त्यात यकृत मुळातच सोशिक. आतड्यातून येणारं रक्त पहिल्यांदा तिथंच जातं, प्रत्येक परक्या प्रथिनावर यकृत पेटून उठलं तर जेवणंच मुश्कील व्हायचं.

आता तुमचा खरा प्रश्न. स्वतःच्याच शरीरावर उलटू शकणाऱ्या बहुतेक टी पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत मारल्या जातात. काही निसटतात. त्यांना नियामक टी पेशी आणि पीडी-1 नावाचं प्रथिन वेसण घालून ठेवतात. वर्षानुवर्षं विषाणू समोर राहिला, की त्याच्याविरुद्धच्या टी पेशींनाही तीच वेसण पडते. मेलेल्या नाहीत त्या. पण वेसण सरसकट काढली तर स्वतःवर उलटणाऱ्याही सुटतात : पीडी-1 रोखणारी कॅन्सरची औषधं घेणाऱ्या काहींच्या यकृताला त्यांच्याच टी पेशींमुळे सूज येते, आणि इंटरफेरॉन या प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या औषधावर काहींची थायरॉइड बिघडते.

गुळवेलाचं म्हणाल तर 2020 च्या अखेरीस मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी तो घेणाऱ्या सहा जणांत स्वप्रतिकारासारखी, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटल्यासारखी, यकृताची सूज नोंदवली. आयुष मंत्रालयानं ते अमान्य केलं. वाद चालू द्या. घरात हिपॅटायटिस बी असताना 'इम्युनिटी बूस्टर'चा प्रयोग मी कुणालाच करू देत नाही.

तुमच्या अवस्थेला पूर्वी 'प्रतिकार-सहनशील' म्हणत. 2017 मध्ये युरोपीय तज्ज्ञांनी ते नाव सोडलं, मला ते पटतं. तरुणांत या काळातही विषाणूविरोधी टी पेशी सापडतात, आणि शांतता कधी मोडेल ते आधी कळत नाही. म्हणून सहा महिन्यांची तारीख चुकवू नका. तिशी आली, किंवा घरात कुणाला यकृताचा कॅन्सर झालेला असेल, तर औषधाचा विषय तुम्हीच काढा. स्टेरॉइड किंवा केमोथेरपी कुणी सुचवली, तर हा रिपोर्ट आधी दाखवा.

आईनंही एसजीपीटी, डीएनए, सोनोग्राफी करावी. त्या वयात नुसतं थांबणं चालत नाही. भावंडांची तपासणी करा, निगेटिव्ह असतील तर तीन डोस लस.