सेन्सर बदलला, तरी दिवा पेटतोच

प्रश्न : माझ्याकडे २०१८ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. ती सुमारे ८० हजार किलोमीटर चालली आहे. चेक इंजिनचा दिवा लागल्यामुळे गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, तेव्हा पी०१३१ हा कोड आला. ऑक्सिजन सेन्सर गेल्याचे सांगून तो बदलण्यात आला, पण थोड्याच दिवसांत तोच दिवा आणि तोच कोड परत आला. अ‍ॅव्हरेजही घटले आहे. आता कंपनीचा महाग सेन्सर टाकावा, असे मेकॅनिक म्हणतात. टाकावा का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : इतक्यात टाकू नये. पी०१३१ या कोडचा अर्थ एवढाच, की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या भागाच्या) अलीकडे बसवलेल्या पहिल्या सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज अपेक्षेपेक्षा कमी आहे. ते सेन्सर बिघडल्यामुळे कमी आहे, वायर दुखावल्यामुळे कमी आहे, की सेन्सर ठणठणीत असून इंजिनाची खरी परिस्थितीच सांगतो आहे, हे त्या कोडवरून कळत नाही. नवा सेन्सर बसवूनही तीच तक्रार येत असेल, तर तिसरी शक्यता सर्वांत आधी तपासली पाहिजे.

आपल्या गाडीत बहुधा झिर्कोनियाचा साधा सेन्सर असावा. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातील प्राणवायू आणि बाहेरच्या हवेतील प्राणवायू यांच्या फरकावर तो स्वतःच थोडी वीज निर्माण करतो. मिश्रणात पेट्रोल जास्त झाले, की धुरात प्राणवायू फारसा उरत नाही आणि व्होल्टेज ०.८ ते ०.९पर्यंत चढते, हवा जास्त झाली, की ते ०.१च्या आसपास उतरते. इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, या आकड्याकडे पाहून पेट्रोल कमी-अधिक करीत राहतो, त्यामुळे इंजिन तापल्यावर निरोगी सेन्सरचे व्होल्टेज सतत वर-खाली होत असते. ते खालीच अडकून राहिले, तर हा कोड येतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. सेन्सरला फक्त प्राणवायू कळतो, पेट्रोल कळत नाही. एखादा सिलिंडर मिसफायर होत असेल, तर त्यातील पेट्रोल न जळता बाहेर पडते, पण प्राणवायूही न वापरलेला बाहेर पडतो, आणि मिश्रणात हवा जास्त आहे असे सेन्सर सांगतो. ईसीयू त्यावर विश्वास ठेवून आणखी पेट्रोल सोडतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचे, गॅस्केट सेन्सरच्या आधी फुटले असेल, तर तेथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि परिणाम हाच होतो. आपले अ‍ॅव्हरेज घटले आहे, हे या दोन कारणांशी चांगले जुळते. म्हणून प्लग काढून पाहावेत, इग्निशन कॉइल तपासावी, आणि सकाळी थंड इंजिन सुरू करताना मॅनिफोल्डजवळ फटफट असा आवाज येतो का, सांध्यावर काजळीचा पट्टा दिसतो का, हे पाहावे.

यानंतर स्कॅनरवर फ्युएल ट्रिमचे, म्हणजे ईसीयू ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-अधिक सोडतो आहे त्याचे, आकडे पाहावेत. ते साधारण १० टक्क्यांच्या आत असावेत. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर ते काहीसे वर दिसणे स्वाभाविक आहे, कारण इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असल्याने इंधन अधिक लागते. ट्रिम आयडलिंगला फार चढलेले आणि अडीच हजार आरपीएमला उतरलेले दिसले, तर इनटेककडे, म्हणजे इंजिनात हवा आत जाते त्या मार्गावर, कोठेतरी हवा गळते आहे असे समजावे. याउलट वेग वाढवल्यावर ते चढत असेल, तर फ्युएल पंप आणि फिल्टरकडे वळावे.

सेन्सरची खरी परीक्षा मात्र अगदी साधी आहे आणि ती घेतल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत, असे माझे ठाम मत आहे. इंजिन पूर्ण तापल्यावर मेकॅनिककडून इनटेकमध्ये किंचित कार्ब क्लीनर मारून घ्यावा. व्होल्टेज ताबडतोब ०.८च्या वर गेले पाहिजे. मग व्हॅक्यूमची एक नळी क्षणभर काढावी. ते लगेच ०.२च्या खाली आले पाहिजे. दोन्ही वेळा सेन्सरने झटकन साथ दिली, तर तो निर्दोष आहे. (हा फवारा ज्वलनशील असतो, म्हणून अग्निशामक जवळ असल्याशिवाय हे करू नये.) व्होल्टेज हललेच नाही, तर कनेक्टर काढून स्कॅनर पाहावा. बहुतेक गाड्यांत तेव्हा ०.४५च्या आसपास आकडा दिसतो. तो शून्यालाच चिकटून राहिला, तर सिग्नलची वायर कोठेतरी बॉडीला टेकली आहे. उंदरांनी कुरतडलेल्या आणि सायलेन्सरला लागून वितळलेल्या वायरी हे आपल्याकडचे नेहमीचे कारण आहे.

इंजिनाचे काम करताना साधी सिलिकॉन पेस्ट वापरली होती का, तेही विचारावे. तिच्या वाफेने नवा सेन्सरसुद्धा लवकर निकामी होतो.

प्रश्न : माझ्या गाडीत पी०४२० हा कोड येतो. मागचा सेन्सर बदलावा, की त्याखाली स्पेसर लावून दिवा घालवावा?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : कन्व्हर्टर पुरेसे काम करीत नाही, असा पी०४२०चा अर्थ आहे. कन्व्हर्टरच्या पलीकडे बसवलेल्या मागच्या सेन्सरचे काम त्याच्यावर नजर ठेवण्याचे असते. कन्व्हर्टर चांगला असेल, तर या सेन्सरचे व्होल्टेज ०.६ ते ०.७च्या आसपास बऱ्यापैकी स्थिर राहते. ते पुढच्या सेन्सरसारखेच वर-खाली होत असेल, तर सेन्सर आपले काम करतो आहे आणि कन्व्हर्टर थकला आहे. अशा वेळी दोन्ही सेन्सरांमधील पाइप कोठे गळत नाही ना, एवढे आधी पाहावे. स्पेसर म्हणजे सेन्सरला धुरापासून थोडे दूर उचलून धरणारा तुकडा. तो लावल्याने धूर स्वच्छ होत नाही, फक्त तक्रार दिसेनाशी होते, म्हणून तो लावू नये. मिसफायर किंवा इंजिन ऑइल जळणे यामुळे कन्व्हर्टर खराब झाला असेल, तर ते कारण दूर करूनच नवा बसवावा, अन्यथा तोही त्याच वाटेने जाईल.

आपली गाडी बीएस-६ असेल, तर पुढचा सेन्सर वाइडबँड (मिश्रणाचे नेमके प्रमाण मोजणाऱ्या) प्रकारचा असण्याची शक्यता आहे. त्याला वर दिलेले व्होल्टेजचे आकडे लागू पडत नाहीत. त्याची तपासणी स्कॅनरवरील लॅम्डाच्या, म्हणजे आदर्श मिश्रणाच्या तुलनेत हवा किती आहे ते सांगणाऱ्या, आकड्यावरूनच करावी. तो १च्या जवळपास असावा.